सिमॅकच्या घराला दार आहे का?

साशंक : क्लिफर्ड सिमॅक उपेक्षित राहिला, असं तुम्ही म्हणता तेव्हा मला त्याला मिळालेले मान आठवतात. ‘सिटी’ला 1953 साली इंटरनॅशनल फँटसी अवॉर्ड. ‘द बिग फ्रंट यार्ड’ला 1959 साली आणि ‘वे स्टेशन’ला 1964 साली ह्यूगो. पंचाहत्तरीत छापून आलेल्या ‘ग्रोटो ऑफ द डान्सिंग डिअर’ला 1981 साली ह्यूगो आणि नेब्युला, दोन्ही. अमेरिकेतल्या विज्ञानकथाकारांच्या संघटनेनं ‘ग्रँड मास्टर’ हा किताब सुरू केला, तेव्हा हाइनलाइन आणि जॅक विल्यमसन यांच्या पाठोपाठ तिसरा मान, 1977 साली, सिमॅकला मिळाला. क्लार्क आणि ऍसिमॉव्ह यांचा क्रमांक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला. रशियन अनुवादात तर त्याचं ‘द गॉब्लिन रिझर्वेशन’ पिढ्यान्‌पिढ्या आवडीनं वाचलं गेलं. इतकं सगळं पदरात पडलेल्या लेखकाचा ‘शोध’ कसला लावायचा? आज त्याला कमी लोक वाचतात, हे मान्य. पण काळानं त्याच्याबद्दल निवाडा केला असेल आणि तो बरोबरही असेल, ही शक्यता आधी धरून चालायला हवं.

चाहता : मान मिळाले, हे खरंच. पण ते त्याच्या बरोबरीच्या लेखकांनी आणि त्या वर्तुळातल्या वाचकांनी दिलेले. ते वर्तुळ ओलांडून ऍसिमॉव्ह गेला, क्लार्क गेला, ब्रॅडबरी गेला. सिमॅक आतच राहिला. त्याचं कारण मला त्याच्या लिखाणात दिसत नाही, आपल्या मोजमापात दिसतं. 1937 च्या अखेरीला जॉन कॅम्पबेल ‘अस्टाउंडिंग’चा संपादक झाला आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांना आपण सुवर्णयुग म्हणतो. त्या युगातलं आपण काय लक्षात ठेवलं? रोबॉटचे तीन नियम. आकडेमोडीनं साम्राज्यांचं भविष्य सांगणारं शास्त्र. म्हणजे एका वाक्यात सांगता येतील, व्याख्यानात वापरता येतील अशा कल्पना. सिमॅकची कथा तशी सांगायला गेलं की हातात काही राहत नाही. ‘एका डॉक्टरला घराबाहेर पडवत नाही’, एवढंच तर ‘सिटी’तल्या ‘हडलिंग प्लेस’मध्ये घडतं. ती पानं वाचताना छातीवर जे दडपण येतं, ते या वाक्यात कुठे आहे?

आणि त्याचं देणं दुसऱ्यांच्या लिखाणात मुरून गेलं, हेही आहे. 1938 साली त्याची ‘रूल 18’ ही कथा आली. अठरा वर्षांच्या ऍसिमॉव्हनं ती आवडली नाही, असं मासिकाला पत्र लिहून कळवलं. सिमॅकनं त्या पोराला साधं, नम्र पत्र पाठवून विचारलं की नेमकं काय खटकलं, म्हणजे मला सुधारता येईल. उत्तर द्यायचं म्हणून ऍसिमॉव्हनं कथा पुन्हा वाचली आणि त्याच्या ध्यानात आलं की एका प्रसंगावरून दुसऱ्यावर सिमॅक मधलं काही न सांगता उडी मारतो, त्यानं आपण गोंधळलो होतो. दुसऱ्या वाचनात त्याला ती रीत इतकी पटली की पुढे त्यानं ती स्वतः उचलली, आणि हे ऋण तो उघडपणे सांगत राहिला. ऍसिमॉव्हच्या त्या स्वच्छ, भराभर पुढे सरकणाऱ्या गद्याचं कौतुक आपण आजही करतो. त्यातला सिमॅकचा वाटा कोण मोजतं?

साशंक : एक चांगली सवय दुसऱ्याला लावली म्हणून कोणी मोठा लेखक ठरत नाही. आणि कल्पना मोजायच्या नाहीत, असं तुम्ही ठरवलंत की ज्याच्याकडे कल्पनांचं बळ कमी आहे अशा कुणाचंही समर्थन करता येईल. विज्ञानकथेकडून मी विचाराची शिस्त मागते, ती मागणी कॅम्पबेलची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ‘वे स्टेशन’चंच घ्या. विस्कॉन्सिनमधल्या एका शेतघरात इनॉक वॉलेस नावाचा माणूस परग्रहावरच्या प्रवाशांसाठी गुप्तपणे ठाणं चालवतो. अमेरिकी यादवी युद्धात लढलेला हा सैनिक, घराच्या आत त्याचं वय वाढत नाही. प्रवासी येतात कसे? दूरच्या ठाण्यावरून त्यांच्या देहाचा आणि मनाचा आराखडा पाठवला जातो आणि इथल्या टाकीत तो जीव नव्यानं घडतो. मागच्या ठाण्यावर मूळ देह मेलेला पडून राहतो. म्हणजे प्रत्येक प्रवासात प्रवासी मरतो! जो इथे उठून कॉफी पितो तो तोच आहे की त्याची प्रत, हा केवढा भयंकर प्रश्न. सिमॅक तो मांडतो आणि दोन परिच्छेदांत पुढे निघून जातो. ज्या जागी विचार सुरू व्हायचा, तिथे तो पाहुण्याच्या कपात कॉफी ओततो.

चाहता : तो प्रश्न टाळत नाही, तो दुसऱ्या बाजूनं त्याच्याकडे येतो. प्रवासी पुढच्या ठाण्याकडे गेला की त्याचं मागे राहिलेलं शरीर कोणी नष्ट करायचं? इनॉकनं. ते त्याचं रोजचं काम आहे. सुवर्णयुगातला दुसरा कोणी असता तर त्यानं ‘प्रत म्हणजे मूळ का?’ यावर एक चतुर कथा रचली असती आणि शेवटच्या ओळीत धक्का दिला असता. सिमॅक विचारतो, हे काम अंगावर घेऊन कोणी वर्षानुवर्षं जगत असेल तर तो कसा जगेल? तो रोजनिशी लिहितो. टपाल घ्यायला दिवसातून एकदा बाहेर पडतो. प्रवाशांनी दिलेल्या, उपयोग न कळलेल्या वस्तू जपून ठेवतो. एक प्रवासी ठाण्यावरच मरतो, तेव्हा त्याला आपल्या घरच्यांच्या कबरींशेजारी पुरून त्याच्या लिपीत दगड कोरतो. पुढे सरकारी हेर ती कबर उकरून देह घेऊन जातात आणि आकाशगंगेतल्या सगळ्या राजकारणाला तिथून तडा जातो. ही कादंबरी 1963 साली मासिकात क्रमशः आली. क्यूबाच्या पेचप्रसंगाला तेव्हा वर्षही नीट उलटलं नव्हतं, अणुयुद्धाची भीती कादंबरीतही आहेच. त्या वेळी जगाचा पेच शस्त्रावरून न उभारता एका परक्याच्या अंत्यसंस्कारावरून उभारणं, यात मला विचाराची शिस्त दिसते. तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळी, पण कडक.

शिस्तीचंच म्हणत असाल तर ‘सिटी’तली मुंग्यांची कथा बघा, 1951 ची. माणसं पृथ्वीवरून जवळपास नाहीशी झालेली आहेत. बोलायला शिकलेले कुत्रे आता तिचे वारस आहेत आणि कुणाचा जीव घ्यायचा नाही हा त्यांचा धर्म. मुंग्यांनी एक इमारत बांधायला घेतली आहे आणि ती पसरत पसरत सगळी पृथ्वी गिळणार, असं दिसतं. वेब्स्टर घराण्याचा म्हातारा रोबॉट जेनकिन्स जिनिव्हात दीर्घ निद्रेत असलेल्या एका माणसाला उठवतो आणि विचारतो, तुम्ही लोक मुंग्यांचं काय करायचात? माणूस सहज सांगून टाकतो की विष घालायचो, गोड काहीतरी कालवून. उपाय मिळाला! कॅम्पबेलच्या पठडीत कथा इथे जिंकून संपायची. अडचण होती, अक्कल लढवली, तोड निघाली. जेनकिन्स मात्र तो उपाय कुत्र्यांपर्यंत पोचू देत नाही. पृथ्वी गेली तरी चालेल, पण या लेकरांना मारायला शिकवायचं नाही. ज्या युगाचा सगळा भरवसा ‘उत्तर सापडतं’ यावर होता, त्या युगातल्या माणसानं सापडलेलं उत्तर बाजूला ठेवणारी कथा लिहिली. ही कल्पना नाही तर काय आहे?

साशंक : ही कथा बळकट आहे, हे मी मान्य करते. मला तिची भीती वाटते, ती वेगळ्या कारणासाठी. जेनकिन्स एकट्यानं ठरवतो. ज्यांची पृथ्वी जाणार आहे त्यांना तो विचारत नाही, त्यांना माहितीही होऊ देत नाही. दया म्हणून जे दिसतं, त्यात एका जुन्या नोकराची हुकमत लपलेली आहे. आणि हा नोकर आधी काय करून बसलाय, ते तुम्हीच मघाशी काढलेल्या ‘हडलिंग प्लेस’मध्ये आहे. 1944 ची कथा. जेरोम वेब्स्टर मंगळवासीयांच्या मेंदूचा जाणकार शल्यवैद्य आहे. त्याचा मंगळावरचा मित्र, तत्त्वज्ञ जुवेन, मरणाच्या दारात आहे आणि तोच त्याला वाचवू शकतो. जुवेनचं अर्धवट राहिलेलं तत्त्वज्ञान पुरं झालं तर अख्खी मानवजात झेप घेणार. वेब्स्टरला मात्र घर सोडायच्या विचारानंच घाम फुटतो. शेवटी तो कसाबसा मनाची तयारी करतो, सामान भरतो, यानाची वाट बघतो. आणि जेनकिन्स येऊन सांगतो की यान आलं होतं, पण मालक कुठे बाहेर जायचे, म्हणून मी ते परत पाठवून दिलं.

तुम्ही सिमॅकच्या घराविषयी मायेनं बोलता. त्या घराचा सर्वांत निष्ठावंत रखवालदार माणसाला आत कोंडतो, असं सिमॅक स्वतःच लिहून गेलाय. मग वीस वर्षांनी ‘वे स्टेशन’मध्ये इनॉकला तो त्याच घरात बसवतो, आणि या वेळी त्याचं कौतुक करतो. इनॉक कुठे जातो सांगा? शंभर वर्षं आकाशगंगा त्याच्या बैठकीतून येते-जाते आणि तो एकदाही त्या टाकीत उतरून पलीकडे जात नाही. जेरोम वेब्स्टरला आजार म्हणून जे जडलं होतं, ते इनॉकला पद म्हणून मिळालंय. माझा आक्षेप हा आहे. लेखकाला आपलं दुखणं 1944 साली स्पष्ट दिसलं होतं, आणि वय वाढत गेलं तसं त्यानं ते गोंजारलं.

चाहता : हा आक्षेप मला झटकून टाकता येणार नाही. दोन्ही घरं एकच आहेत, असं मलाही वाटू लागलंय. तरी एक फरक डोळ्यांआड करू नका. वेब्स्टरच्या घरात जग येतं ते पडद्यावर. त्याची खोली भोवती हवं ते दृश्य उभं करते, भेटीगाठीसुद्धा प्रतिमांशी होतात. त्याला कुणाचा स्पर्श, कुणाचा वास, कुणाची अडचण सोसावी लागत नाही. इनॉककडे येणारे देहानं येतात, विचित्र सवयी घेऊन येतात, कधी त्याच्या हातांत मरतात. बाहेर जाणं हाच मोकळं होण्याचा एकमेव मार्ग आहे, हे सुवर्णयुगाचं गृहीतक होतं. यान, मोहीम, वसाहत. परक्याला आपल्या घरात घेणं हे त्याहून कमी धाडसाचं कसं? उलट जाणारा बहुधा मालक म्हणून जातो. थांबणाऱ्याला यजमान व्हावं लागतं.

आणि बाहेर गेल्यानं माणूस सुटतो, असा भरवसाही सिमॅक देत नाही. ‘डिझर्शन’, तेही 1944 चंच. गुरूवर टिकून राहायचं तर माणसाचं शरीर बदलून तिथल्या प्राण्याचं करावं लागतं. तसे बदलून पाठवलेले लोक परत येत नाहीत. शेवटी ठाण्याचा प्रमुख फाउलर आपल्या म्हाताऱ्या टाउझर कुत्र्याला घेऊन स्वतः जातो आणि त्याला कळतं की कुणी मेलेलं नाही. नवं शरीर, नवी बुद्धी, नवा आनंद इतका मोठा आहे की पुन्हा माणूस व्हायला कुणी तयारच नाही. पुढच्या एका कथेत तो ही बातमी घेऊन परततो आणि मानवजात गुरूकडे निघून जाते. म्हणजे घरात बसला तरी माणूस हरवतो आणि गेला तरी हरवतो. दोन्ही बाजूंची किंमत त्यानं एकाच वर्षात, एकाच मासिकात, काही महिन्यांच्या अंतरानं मांडली. महायुद्ध चालू होतं. या कथा माणसाविषयीच्या निराशेतून आल्या, असं त्यानं पुढे सांगितलंही.

साशंक : त्या दोन कथा शेजारीशेजारी ठेवल्या की सिमॅक मोठा दिसतो, हे खरं. माझी अडचण नंतरच्या सिमॅकशी आहे. तीच टेकडी, तेच ओढ्यातले मासे, तोच ओसरीवरचा शहाणा एकटा पुरुष. मिलव्हिल हे त्याचं जन्मगाव, 1904 साली तिथे तो जन्मला. विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला मिळते त्या भागातल्या कडेकपारी त्याच्या अंगात भिनलेल्या होत्या, समजू शकते. पण गडी 1939 पासून 1976 पर्यंत मिनियापोलिसच्या वर्तमानपत्रांत काम करत होता. शहरात राहून, बातम्यांच्या टेबलावर रोजचं जग बघून, रात्री घरी येऊन असं खेडं लिहायचं ज्यात भांडण नाही, कर्ज नाही, आणि ज्या हो-चंक लोकांची ती जमीन होती त्यांची सावलीही नाही. आपल्यालाही गावाकडच्या घराची ओढ चटकन पकडते. म्हणून तर मी सावध आहे. तुमच्या आवडीत सिमॅकचा भाग किती आणि त्या ओढीचा किती?

आणि बायका. ‘सिटी’त बाई शोधावी लागते. ‘वे स्टेशन’मध्ये दोन आहेत. लूसी फिशर मूकबधिर, आणि म्हणूनच जणू पवित्र; फुलपाखराचा मोडका पंख ती नुसत्या हातांनी बरा करते. दुसरी मेरी, जी इनॉकनं परग्रहावरच्या विद्येनं आपल्या एकटेपणासाठी कल्पनेतून निर्माण केली आहे. एकीला वाचा नाही, दुसरीला देह नाही. बाई म्हणून मी त्या घरात कुठे बसायचं?

चाहता : ओढीचा भाग आहे, नाही म्हणत नाही. नंतरच्या कादंबऱ्यांत पुनरुक्ती आहे, काही मी अर्ध्यावर सोडल्या आहेत. खेड्यातून कोण गाळलं गेलं, हा तुमचा प्रश्नही रास्त आहे; त्यावर माझ्याकडे बचाव नाही. बातमीदारीचा संबंध मात्र मी उलटा लावतो. मोठ्या घटनेचं वर्णन कमी शब्दांत, आवाज न चढवता करणं ही त्या टेबलाची देणगी. ‘हडलिंग प्लेस’चा शेवट दुसऱ्या कुणी लिहिला असता तर त्यात आक्रोश आला असता. तिथे फक्त एक नोकर आपण केलेलं काम अदबीनं सांगतो.

मेरीबद्दल मात्र थोडं थांबा. ती इनॉकवर प्रेम करू लागते, आणि तेव्हाच तिला कळतं की आपण त्याच्यासाठी घडवल्या गेलो आहोत, त्यानं हात पुढे केला तरी त्याला काही लागणार नाही. हे तिला सोसवत नाही, ती जाते. एका पुरुषाच्या एकटेपणासाठी बाई रचली तर तिचं काय होतं, हे सिमॅकनं पाहिलं आणि इनॉकला त्याबद्दल माफी मिळू दिली नाही. त्या साहित्यात बाई बहुतेक वेळा शास्त्रज्ञाची मुलगी असायची, प्रश्न विचारण्यापुरती. तिथे हे पान आहे. आणि लूसीबाबत, शेवटी बघा कोण जातं. आकाशगंगेला जोडून ठेवणारा तो ‘टॅलिस्मन’ हाती धरण्याची पात्रता इनॉककडे नाही, ती लूसीकडे आहे. तो घेऊन ताऱ्यांमध्ये जायचं काम तिचं.

साशंक : आणि जाताना तिला काय वाटतं, हे आपल्याला कधीच कळत नाही, कारण लेखकानं तिला वाचाच दिली नाही. जाणाऱ्यांची यादी मी पुरी करते. ‘डिझर्शन’मधून जो जातो तो जाताना माणूस राहत नाही. ‘वे स्टेशन’मधून जाते ती बोलत नाही. राहिला जेनकिन्स.

चाहता : त्याच्याकडेच मी येत होतो. 1971 साली कॅम्पबेल वारला. त्याच्या स्मरणार्थ हॅरी हॅरिसननं एक संग्रह काढला, 1973 साली. जुन्या लेखकांनी आपापल्या गाजलेल्या मालिकांत एक शेवटची भर घालायची, अशी योजना. सिमॅकनं ‘सिटी’साठी ‘एपिलॉग’ लिहिलं. मुंग्यांच्या त्या अफाट इमारतीच्या पोटात वेब्स्टरांचं घर तेवढं राखलं गेलंय आणि त्यात जेनकिन्स एकटा. मग त्याच्या लक्षात येतं की मुंग्याही संपल्या. एक यान उतरतं, त्यात रोबॉटच आहेत, ते त्याला बोलावतात. तो त्यांच्याबरोबर जातो. मालकाच्या दारातून यान परत पाठवणारा जेनकिन्स एकोणतीस वर्षांनी स्वतः यानात चढतो. ज्याला तुम्ही गोंजारणं म्हणता, ते शेवटपर्यंत टिकलं असतं तर सिमॅकनं त्याला त्या घरातच गंजू दिलं असतं.

साशंक : पण कधी चढतो? वेब्स्टर गेले, कुत्रे गेले, मुंग्या गेल्या, घरात राखायला कुणी उरलं नाही तेव्हा. जेरोम वेब्स्टरपुढचा पेच भरल्या घराचा होता. ज्या घरात वडील, आजोबा पुरले आहेत, ज्यातल्या प्रत्येक वस्तूला त्याची गरज आहे, ते सोडून मित्रासाठी जायचं का? रिकामं घर सोडून त्या पेचाचं उत्तर देता येत नाही. सिमॅकनं पेच सोडवला नाही, पेचातली माणसं काढून घेतली.

चाहता : तर मग ‘द बिग फ्रंट यार्ड’मधला हायरम टेन घ्या. मोडक्या वस्तू दुरुस्त करणारा, जुनं सामान विकणारा, बापजाद्यांच्या घरात राहणारा. त्याचंही घर भरलेलं आहे. एक दिवस पुढचा दरवाजा दुसऱ्या जगात उघडतो. तो आपल्या कुत्र्याला घेऊन पलीकडच्या वाळवंटात जातो आणि तिथल्या लोकांशी मालाऐवजी कल्पनांचा सौदा मांडतो; आपल्याकडे रंग आहे, त्यांच्याकडे नाही, तर रंगाच्या बदल्यात तुम्ही काय सांगाल? आणि संध्याकाळी घरी येतो. तो माणूसच राहतो, बोलतो, घासाघीस करतो. तुमच्या यादीत तो बसत नाही.

साशंक : नाही बसत. पण त्याच्यासाठी अंगणच वाळवंटात उघडलं, उंबरठ्यावर त्याला काही मागे ठेवावं लागलं नाही. आणि दार उघडल्याबरोबर सरकारी माणसं येऊन दारात उभी राहतात, तेव्हा हायरम ‘हे माझं घर आहे’ म्हणून हटून बसतो. ते दार सगळ्यांचं की त्याचं एकट्याचं? ही कथा मी याच प्रश्नासाठी पुन्हा वाचीन. तिथे मला सिमॅक यजमान दिसतो की मालक, यावर त्याच्याबद्दलचं माझं मत ठरेल.

चाहता : वाचा. वाचताना सौदा नेमका कोण घडवून आणतं, याच्याकडेही लक्ष ठेवा. पलीकडच्यांशी बोलता येतं ते हायरमला नाही, गावानं खुळा ठरवलेल्या, त्याच्याकडे पडेल ते काम करणाऱ्या बीझलीला. घराची मालकी हायरमकडे असेल, पण बीझली नसता तर त्या दाराचा हायरमला काही उपयोग नव्हता.